दारातली सहा पावलं

सोमवारी सकाळी साडेआठला सरकारी यंत्राने इनास सिद्दीला मृत घोषित केलं. इनास तेव्हा हातात डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. रोजच्यासारखी सहा पावलं तो जमिनीतल्या पट्टीवरून चालला, पण दार उघडण्याऐवजी वरच्या पाटीवर अक्षरं उमटली : 'चालठसा बंद. धारक मृत.'

रखवालदार तीन वर्षं इनासच्या डब्यातलं लोणचं खात आलेला. तो बिचारा कानकोंडा झाला. "इनासभाऊ, तुम्ही मला धडधडीत दिसताय," तो म्हणाला, "पण दार माझं ऐकत नाही ना."

आत काचेच्या बाटल्यांत केळीची बोटभर रोपं इनासची वाट बघत होती. तिथे हातमोजे घालूनच जावं लागे, तोंडावर पट्टी असे, म्हणून बोटं आणि चेहरा दोन्ही निकामी. ओळख पटवायची ती पायांनीच. आता ही पद्धत सगळीकडेच आली होती. कष्टकऱ्यांच्या बोटांवरचे ठसे झिजून जात, आणि खोटे चेहरे तर कुणीही घरबसल्या बनवू लागला होता. मग शास्त्रज्ञांचं लक्ष चालीकडे गेलं. टाच किती जोरात टेकते, अंगठ्यावर भार किती वेळ राहतो, कंबर किती वळते आणि तिच्या उलट खांदे किती वळतात, कुठला हात आखूड झुलतो, अशी एकशेचाळीस मापं जमिनीतली पट्टी आणि चौकटीतला छोटा रडार मिळून घेतात. चालताना शेकडो लहानमोठे स्नायू एकाच वेळी कामाला लागतात, त्या सगळ्यांवर माणसाचा ताबा नसतो. त्यामुळे आणलेलं सोंग चौथ्या पावलाला उघडं पडतं. दुसऱ्याची चाल कुणाला चोरता येत नाही, हे या यंत्राचं गृहीतक. गृहीतक चांगलंच होतं. फक्त ते मांडणाऱ्यांची आन्मारी सिद्दीशी गाठ पडलेली नव्हती.

आन्मारी म्हणजे इनासची आई. हल्याळच्या जंगलात आंबेकोंड नावाची वीस-पंचवीस घरांची सिद्द्यांची वाडी आहे. कधीकाळी आफ्रिकेतून गुलाम म्हणून, शिपाई म्हणून आणलेल्या माणसांची ही लेकरं. रंग आणि केस तिकडचे, भाषा मात्र मराठी-कोंकणीची खिचडी. इनास नऊ वर्षांचा असताना सांत आंतोनच्या फेस्ताला, चर्चच्या जत्रेत, बायकांच्या फुगडीत शिरला आणि असा काही नाचला की म्हाताऱ्या अजून आठवण काढतात. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी त्याच्या चालण्याची नक्कल केली. तिसऱ्या दिवशी दगड मारले. चौथ्या दिवसापासून आन्मारीने त्याला बापामागे रानात धाडायला सुरुवात केली. बाप, बस्त्यांव, मध आणि शिकेकाई गोळा करायचा. "बापाच्या पावलात पाऊल टाकायचं," तिने बजावलं. "मातीत उमटलंय बघ, त्याच्या भायेर पाय गेला तर जेवण नाही."

आठ वर्षं तो बापाच्या पावलात पाऊल टाकत चालला. सतराव्या वर्षी वाडीत चालठशांचं शिबिर आलं, तेव्हा आई कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे नजर जाताच इनासचे पाय आपोआप बस्त्यांवचे झाले. हाडांची लांबी बापाची, चाल बापाची. यंत्राने दोघांत नव्याण्णव टक्के साम्य दाखवलं. "बापलेक आहेत, असायचंच," म्हणून शिबिरातल्या माणसाने बटण दाबून टाकलं. पुढे एक हल्याळला आणि एक पुण्याला, म्हणून यंत्र त्यांना अंतरावरून वेगळं ओळखत राहिलं. पुण्यात इनास रस्त्याने आपल्या मनासारखा चालायचा, आणि दार आलं की सहा पावलांपुरता बस्त्यांव व्हायचा. अंगात सदरा चढवावा तितकं ते सवयीचं झालं होतं.

बस्त्यांवला जाऊन तीन आठवडे झाले होते. इनासनेच त्याला खांदा दिला होता. पंचायतीने शुक्रवारी मृत्यूची नोंद केली आणि यंत्राने बस्त्यांवची चाल बंद केली. जगात ती चाल चालणारे दोघे आहेत, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

इनासने मध्यवर्ती कार्यालयाला फोन लावला. यंत्राचा गोड आवाज म्हणाला, "आपल्या निधनाबद्दल कार्यालय शोक व्यक्त करतं. कृपया वारसाकडे फोन द्या."

"वारसच बोलतोय," इनास म्हणाला, आणि त्याला पहिल्यांदा रडू आलं. बापाला मूठमाती देतानाही आलं नव्हतं.

*

कोंढव्यात मरजानचं वेण्या घालायचं दुकान होतं. मरजान मूळची मुरूडची, जंजिऱ्याच्या सिद्द्यांतली. जन्मल्यावर घरच्यांनी तिला मुलगा ठरवलं होतं. तिने वीस वर्षं वाट बघून तो निकाल फिरवला. दुपारच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नसे. आरशासमोरच्या फिरत्या खुर्चीत लेमी बसला होता. लेमी इथिओपियातल्या जिम्माचा, इथल्या इस्पितळात व्यायामोपचार करणारा. त्याचं मराठी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या पेठांतल्या आज्यांकडून आलेलं, त्यामुळे तो तिशीतच 'सावकाश हं' आणि 'जपून, बाई' असं बोलायचा. चार वर्षांपूर्वी एका चहावाल्याने या तिघांना एकाच घरातली भावंडं समजून एकत्र चहा दिला, तिथून ही दोस्ती. पुढे लेमी आणि इनास एका घरात राहू लागले, ते भावंडं म्हणून नव्हे.

"या बस्त्यांवराव!" दारातल्या त्या चालीवरून मरजान त्याला नेहमी असंच चिडवायची, तशी आताही म्हणाली, आणि तिने जीभ चावली. "माफ कर रे. तोंडातून गेलं."

इनासने सगळं सांगितलं. बंद झालेला ठसा बापाचाच धरला जाणार होता, कारण बापाची नोंद आधीची. इनासला जिवंत व्हायचं तर नवी चाल द्यावी लागणार होती, तीही जन्मगावी, रक्ताच्या वडीलधाऱ्या माणसाच्या साक्षीने.

"म्हणजे आई अंगठा देणार. मग अडलंय कुठे?" मरजानने विचारलं.

"अंगठ्यावर भागत नाही. पडद्यावर तीन माणसं चालताना दाखवतात. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसती उजेडाची रेघारेघांची माणसं. त्यातला आपला कोण, ते तिने ओळखायचं. एकदाच. चुकली तर मी वर्षभर संशयित. मग ही नोकरी गेलीच, घराचं फाटकही उघडायचं नाही." मग त्याने खरी अडचण सांगितली. "आणि तिघांतली एक चाल मुद्दाम सगळ्यात जवळच्या नातलगाची घेतात."

बस्त्यांवची चाल, हे तिघांनाही कळलं.

"नवी चाल तरी कुठली देऊ?" इनास वैतागून म्हणाला. "माझी अशी आहे कुठे? वाडीत बापाची, दारात बापाची. तुमच्यात आलो की तुमचं बघून काहीतरी."

"हे साफ खोटं आहे हं," लेमी म्हणाला. "मी तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू त्या टपरीवरून तीन ग्लास चहा घेऊन येत होतास. ग्लासांकडे लक्ष, आपल्याला कुणी बघतंय हे गावीच नाही. कंबर अशी सुरेख वळत होती की चहाचा थेंब सांडला नाही. मी मनात म्हटलं, या माणसाच्या गुडघ्यांना माझी कधीच गरज पडायची नाही, आता ओळख काढावी तरी कशी?"

इनास लाजला. मरजानने त्याच्या टाळूवर कंगवा मारला.

"आणि शिकलेली म्हणून खोटी, असं कुणी सांगितलं तुला? माझी चाल बघ. मुरूडला माझ्या फुफीच्या, आत्याच्या, मागे मागे फिरून शिकले मी. चपलांचे चार जोड झिजवले. पण मला कुणी शिकवली नाही, माझी मी शिकले. तुला आईने शिकवली. चाल बाई माणसाची असो, बुवाची असो, फरक तेवढाच आहे."

"आई चुकेल याचीच भीती वाटते तुला?" लेमीने विचारलं.

इनासने आरशाकडे पाठ केली. मग म्हणाला, "चुकली तर वर्षभर मेलेला राहीन. काढीन कसंतरी. पण बरोबर ओळखलं तर याचा अर्थ, तिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तिने..."

मरजानने कंगवा खाली ठेवला. "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही," ती म्हणाली. "तू तर सरकारी शिक्क्यानिशी मेलेला. ऊठ, गाडी पकड."

*

हल्याळला उतरून पुढे चार कोस जीपने गेल्यावर आंबेकोंड लागतं. लेमी बरोबर होता. पुण्यात लोक त्याला 'कुठल्या देशाचे?' विचारतात, आणि इनासलाही तेच विचारतात. इनास 'हल्याळ' म्हणाला की हा कुठला देश म्हणून विचारात पडतात. इथे उलटंच झालं. वाडीच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्या पेद्रूने लेमीला न्याहाळून विचारलं, "तू कुठल्या वाडीचा रे?"

"जिम्मा."

"ते येल्लापूरच्या पलीकडं काय?"

"बरंच पलीकडे," लेमी म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणी परकं धरलं नाही, म्हणून खूश झाला.

आन्मारी अंगणात उभी होती. खांदे उतरले होते, कपाळावरचे केस एकदम पांढरे झाले होते. अंगण ओलांडून तिच्याकडे जाताना इनासचे पाय बस्त्यांवचे झाले. ते त्याला कळलं, लेमीलाही कळलं. पण करता काय? साक्षीदाराला आधी काही दाखवायचं नाही, सुचवायचं नाही, तसं केलं तर अर्ज बाद, हा नियम होता. खरं तर नियम नसता तरी त्याने काही दाखवलं नसतं. त्याची छाती झाली नसती.

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि लाल मुंग्यांची चटणी होती. लेमी मिटक्या मारत जेवला. आन्मारीने त्याला तिसरी भाकरी वाढली.

"तुझा दोस्त?" तिने इनासला विचारलं.

"होय."

"एका घरात ऱ्हातासा?"

"होय."

"सैपाक कोण करतंय?"

"तो."

"बरं," आन्मारी म्हणाली आणि चटणी पुढे सरकवली. यातून काय समजायचं, ते इनासला समजलं नाही.

*

पंचायतीचं सभागृह दुसऱ्या दिवशी अकराला उघडलं. यंत्र चालवणारी गौरव्वा चटपटीत होती, पण नियमाला घट्ट. साक्षीदाराला बाहेरच्या बाकावर बसवून तिने दार लोटून घेतलं. सोबतीला एक माणूस चालतो म्हणून लेमी आत राहिला.

"तीन वेळा चालायला मिळतंय," गौरव्वाने सांगितलं. "तीनही गेले तर परत सहा महिन्यांनी. चला."

इनास पट्टीवर उभा राहिला. दारापलीकडे आई खोकली. तो चालला, आणि पडद्यावर आलं : 'धारक मृत.' त्याने घाम पुसला, डोळे मिटले, पुण्यातला रस्ता डोळ्यांपुढे आणला, पुन्हा चालला. 'धारक मृत.' सोंग चौथ्या पावलाला उघडं पडतं म्हणतात. त्याचं सोंग वीस वर्षांत इतकं मुरलं होतं की आता खरी चालच बाहेर पडेना.

"आता शेवटची हं," गौरव्वा म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं.

"एक मिनिट, बाई," लेमी म्हणाला आणि बाहेर पळाला. परतला तो समोरच्या हॉटेलातून काठोकाठ भरलेले तीन ग्लास चहा घेऊन. "हे घे. पलीकडच्या टेबलावर ठेव. बाईंच्या कागदांवर सांडू नकोस, एवढंच."

इनासने ग्लास घेतले. दोन बोटांत एक असे, कडेला धरून. चहा उकळता होता. पाहता पाहता त्याचं सगळं लक्ष ग्लासांत गेलं, खांदे सैल झाले, कंबर आपल्या वळणाने वळू लागली. टेबलाशी जाऊन त्याने ग्लास ठेवले, तेव्हा कुठे त्याला आठवलं की आपण पट्टीवर चालत होतो.

'नवा चालठसा. साक्ष बाकी.'

"चालताना हातात वस्तू नको, असं नियमात काय लिहिलेलं नाही," गौरव्वा म्हणाली, आणि एक ग्लास आपल्याकडे ओढून घेतला.

मग आन्मारीला आत बोलावलं. तिच्यामागून पेद्रू आला, दोन शेजारणी आल्या. सभागृह सगळ्यांचंच, कोण कुणाला अडवणार? इनासला भिंतीशी उभं केलं. त्याने बोलायचं नाही, हलायचं नाही.

पडदा उजळला. काळ्या पार्श्वभूमीवर तीन उजेडी माणसं एकामागोमाग एक चालत गेली. पहिला कुणी अनोळखी, घाईत असल्यासारखा. दुसरा जड टाचेचा, डावा हात आखूड झुलणारा, अंगावर ओझं असल्यागत पुढे झुकलेला.

आन्मारीच्या तोंडून आवाज फुटला. ती उठून पडद्यापाशी गेली आणि त्या दुसऱ्या माणसावर तिने हात ठेवला. "अगा," ती म्हणाली, "अगा, चालूलास की तू." तिच्या डोळ्यांना धार लागली. शेजारणीही रडू लागल्या. बस्त्यांवला ओळखलं नाही, असं सभागृहात कुणीच नव्हतं.

इनासने मान खाली घातली. संपलं, असं त्याला वाटलं. आईचा राग आला नाही. तीन आठवड्यांपूर्वी पुरलेला नवरा समोर चालताना दिसल्यावर दुसऱ्या कुणावर हात ठेवायचा तिने?

गौरव्वाने घसा साफ केला. "आजी, हाच तुमचा मुलगा, असं लिहू?"

"काय?" आन्मारी वळली. "खुळी काय तू? हा माझा घरकार. हा गेला." तिने पदराने तोंड पुसलं आणि बोट उचललं. पडद्यावर तिसरं माणूस चालत होतं, हातात काहीतरी जपून धरलेलं, कंबरेतून सावकाश वळणारं. "ह्यो माझा इनास."

"नक्की? एकदाच सांगता येतंय."

"नऊ वर्षांचा होईस्तोवर असाच चालायचा. पोटात होता तवापास्नं मला ठाऊक हाय." पेद्रूकडे, शेजारणींकडे बघत ती बोलली, आवाज मुळीच न उतरवता. "मी मोडला. पोरं दगड मारायची. आदीच आपण काळे म्हणून जग वळून बगतंय, त्यात आणि चालण्यावरनं कशाला, म्हणून मी मोडला. भ्याले मी. बापाच्या पावलात घातला त्याला. ते त्याचं चालणं नव्हं. माझी भीती होती ती. लिही."

"एवढं सगळं लिहायला जागा नाही, आजी," गौरव्वा हळूच म्हणाली. "नुसतं 'होय' लिहिते."

'साक्ष जुळली. धारक जिवंत.'

पेद्रू म्हणाला, "जिवंतच होता की. त्यात काय नवं?" आणि त्यावर सगळे हसले. इनास मात्र भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. वीस वर्षं ज्या माणसापासून तो लपला, त्या माणसाने त्याला लपताना पाहिलं होतं. त्याला राग आला, फार आला, आणि त्याच वेळी आईच्या कुशीत शिरावंसं वाटलं. दोन्ही एकदम कसं करायचं ते त्याला येत नव्हतं, म्हणून तो नुसता रडत राहिला. आन्मारी शेजारी येऊन बसली. माफी तिने मागितली नाही. तिला ते शब्द येत नव्हते. तिने त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि तळवा चोळत बसली.

*

पंचायतीपासून वाडीपर्यंत रानातली पायवाट आहे. एका वेळी एकच माणूस चालेल इतकी अरुंद.

"तू पुढं हो," आन्मारी म्हणाली. "मी बगत येते."

इनास पुढे झाला. मागे आई, तिच्या मागे लेमी. आधी त्याचे पाय अडखळले, मग हळूहळू सुटले. आन्मारी वाटेत एकदाच मागे वळून लेमीला म्हणाली, "लहानपणी यापेक्षा जास्त वळायचा," आणि लेमी म्हणाला, "अजून वळतो, आई. तुम्ही पुण्याला या."

घराच्या अंगणात आल्यावर ती ओट्यावर टेकली. ऊन कलतं झालं होतं. पाणी प्याली आणि तांब्या खाली ठेवला.

"इनास," ती म्हणाली. "पडद्यावरचे ते, आता परत दिसायचे नाहीत न्हवं?"

"नाही. बंद केलंय ते."

तिने मान हलवली. मग दुसरीकडे बघत, मागू की नको अशा आवाजात म्हणाली, "तुला येतंय की अजून. एकदा चालून दाव. जमलं तर. नको असलं तर ऱ्हाऊ दे."

इनासने लेमीकडे पाहिलं. लेमीने अंगणातले आपले पाय बाजूला घेतले.

इनास उठला. अंगणाच्या कडेला जाऊन त्याने खांदे पुढे टाकले, डावा हात अंगाशी घेतला आणि टाच जड केली. आन्मारीने डोळे मिटून घेतले. नवरा रानातून परत आल्याचं तिला नेहमी पावलांच्या आवाजावरूनच कळायचं. सहा पावलं झाली तरी इनास थांबला नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला फणसाचं झाड होतं, जिथे बस्त्यांव मधाची बुधली टेकवायचा, तिथपर्यंत तो बापाच्या चालीने गेला.

परत येताना मात्र आपल्या चालीने आला. आन्मारीने तेव्हा डोळे उघडले होते.